माशी 'पहिल्यांदाच सापडली' म्हणजे नेमकं काय झालं?

पावसाळ्यातला शिराळा किंवा पाटण तालुक्यातला एखादा ओढा धरा. काठच्या ओल्या गवतावर चार-पाच मिलिमीटरचा एक चकचकीत किडा बसलाय. निळसर हिरवी झाक, पाठ फुगीर आणि गुळगुळीत. बघणारे शंभरातले नव्याण्णव जण म्हणतील, हा भुंगेरा. फोटो व्हॉट्सॲपवर गेला तर तिथेही पटापट अंगठे उमटतात, कोणी 'लेडीबर्डचाच प्रकार' म्हणून मोकळं होतं. शंभरावा माणूस मात्र फोटो मोठा करून बघतो आणि म्हणतो, "अहो, ही माशी आहे."

अशी भुंगेऱ्याच्या वेषातली माशी खरंच असते. सेलिफिडी हे तिचं कुळ. जगभरात मिळून तिच्या जेमतेम शंभर-सव्वाशे प्रजाती, त्याही फक्त आशिया आणि आफ्रिकेच्या उष्ण भागात. त्यातल्या सेलिफस या वंशाला स्वीडनच्या डालमन यांनी १८१८ मध्ये नाव दिलं. दोनशे वर्षं उलटली, तरी या माश्या कागदावर क्वचितच येतात.

मी इथे कुठला शोध जाहीर करत नाहीये. माशी उदाहरणापुरती घेतली आहे. पण अशी माशी आपल्या भागात मिळाली आणि जुन्या कागदपत्रांत तिचा इथला पत्ता नसला, की दुसऱ्या दिवशी मथळा ठरलेला: 'दुर्मिळ माशीचा शोध'. मला त्या मथळ्यातलं 'दुर्मिळ' पटत नाही. जिची नोंद कमी, ती माशी कमी असतेच असं नाही. बहुतेक वेळा कमी असतात ते माश्यांकडे बघणारे. फुलपाखरांना आणि पक्ष्यांना चाहते मिळाले, माशीच्या वाट्याला फटका आला. भारतात माश्यांच्या सहा हजारांहून जास्त प्रजाती नोंदल्या गेल्यात आणि त्यांच्यावर काम करणारी माणसं मात्र फार थोडी.

भुंगेरा, ढेकूण की माशी?

भुंगेऱ्याच्या पाठीवर दोन कडक पंख असतात आणि ते जिथे मिळतात तिथे मधोमध सरळ रेघ दिसते. ती रेघ शोधायची. नसली तर भुंगेरा बाद. मग पुढे येतो ढेकणांच्या गणातला ज्वेल बग. त्याच्याही पाठीवर एकसंध ढाल असते आणि रंगही असेच झगझगीत. पण त्याच्या मिशा लांब असतात आणि तोंडाची टोकदार सोंड पोटाखाली दुमडलेली असते. आपल्या किड्याला तशी सोंड नाही, चाटून घ्यायचं मऊ तोंड आहे. मिशा अगदी आखूड, तीन पेरांच्या, आणि शेवटच्या पेरावर एक केस. घरमाशीच्या मिशीवरही असाच केस असतो. सेलिफिडीतल्या बहुतेक माश्यांत हा केस बुडाशी चपटा आणि रुंद झालेला दिसतो. साध्या दहापट भिंगातूनही हे कळतं.

खरी परीक्षा पंखांची. माशीला पंखांची एकच जोडी. मागच्या जोडीच्या जागी दोन बारीक दांडे उरलेत, टोकाला गाठ असलेले, ढोलाच्या टिपरीसारखे. त्यांना हाल्टियर म्हणतात. उडताना ते पंखांच्या उलट तालात हलतात आणि अंग कुठे कलंडतंय, कुठे वळतंय ते माशीला कळवतात. मधमाशी आणि गांधीलमाशी यांना चार पंख, म्हणून त्या या गणात बसत नाहीत. कपाशीवरची पांढरी माशीसुद्धा मावा-तुडतुड्यांच्या गोतातली.

मग ती ढाल कुठून आली? कुठल्याही माशीच्या छातीच्या मागच्या टोकाला एक छोटा त्रिकोणी तुकडा असतो, त्याला स्क्युटेलम म्हणतात. घरमाशी नीट पाहिलीत तर दिसेल. सेलिफिडीत हाच तुकडा वाढत वाढत सगळ्या पोटावर पसरलाय. पंख त्याच्याखाली घडी घालून ठेवलेले. भुंगेरा उडताना पाठीवरची झाकणं उचलतो. हिची ढाल उचलली जात नाही, पंख तिच्याखालून बाजूला निघतात. एवढं कळलं की कुळ ठरलं. कुळ ठरवणं हा मात्र सोपा भाग होता.

चिठ्ठीशिवाय माशी म्हणजे नुसता कचरा

गवतावरून कापडी जाळी झपाट्यानं फिरवणं ही सगळ्यात स्वस्त पद्धत. दुसरी पद्धत मलेझ सापळ्याची. रेने मलेझ या स्वीडिश कीटकतज्ज्ञाच्या ध्यानात आलं, की तंबूत शिरलेले किडे वर वर चढत कोपऱ्यात गोळा होतात. त्यानं तंबूचाच सापळा केला आणि १९३०च्या दशकात ब्रह्मदेशच्या मोहिमेत वापरला. आजही माश्या गोळा करणाऱ्यांचा तो हुकमी एक्का आहे.

कोयना अभयारण्य आणि चांदोली राष्ट्रीय उद्यान यांच्या हद्दीत वन खात्याच्या लेखी परवानगीशिवाय एक माशीही उचलता येत नाही. ही दोन्ही जंगलं मिळून २०१० मध्ये सह्याद्री व्याघ्र प्रकल्प झाला. कास पठार तर २०१२ पासून जागतिक वारशाच्या यादीत आहे. 'माशीच तर आहे' हे कारण तिथे चालत नाही, आणि चालूही नये. स्वतःच्या किंवा ओळखीच्या माणसाच्या बांधावरून सुरुवात करावी.

माशी कडक अल्कोहोलच्या कुपीत जाते. पुढे डीएनए बघायचा असेल तर ९५ टक्क्यांचं अल्कोहोल आणि फ्रीज. (फ्रीजसाठी घरातून मिळणारी परवानगी वन खात्यापेक्षा अवघड असते, हे ज्यांनी मिळवली त्यांना विचारा.) आणि त्याच कुपीत, आतच, एक कागदी चिठ्ठी जाते. चिठ्ठीवर साधारण असं असतं:

भारत, महाराष्ट्र, जि. सांगली, ता. शिराळा, अमुक गावाच्या पश्चिमेचा ओढा, अक्षांश-रेखांश, समुद्रसपाटीपासून उंची, तारीख, ओल्या गवतावरून, जाळी फिरवून, जमा करणाऱ्याचं नाव.

लिहायचं शिसपेन्सिलनं. बॉलपेनची शाई अल्कोहोलमध्ये विरघळते आणि आठवड्याभरात कुपीत निळं पाणी आणि कोरा कागद उरतो. चिठ्ठी गेली की माशी कितीही दुर्मिळ असो, नोंद म्हणून तिची किंमत शून्य. 'नव्या ठिकाणी सापडली' या दाव्यातलं 'ठिकाण' फक्त त्या चिठ्ठीवर असतं, माशीच्या अंगावर कुठेही लिहिलेलं नसतं.

भिंगाखाली

सूक्ष्मदर्शकाखाली पहिली गोष्ट बघायची ती केस. माशीच्या छातीवरचे राठ केस कसेही उगवलेले नसतात. डोक्यावर किती, छातीच्या मधल्या रांगेत किती, बाजूच्या रांगेत किती, हे प्रत्येक कुळात आणि वंशात ठरलेलं असतं. एखादा केस गळला असला तरी मुळाशी खाच दिसते, ती मोजायची. म्हणूनच माशी हाताळताना चिमटा छातीला लावत नाहीत, पायाला लावतात. छोट्या माशीला सरळ टाचणीही टोचत नाहीत. कडक कागदाचा बारीक त्रिकोण कापून तो टाचणीला लावतात आणि त्याच्या टोकावर गोंदाच्या थेंबानं तिला कुशीवर चिकटवतात, म्हणजे छातीची निदान एक बाजू तरी शाबूत राहते.

मग पंखांच्या शिरा. कुठली शीर कुठे फुटते, कुठे कडेला पोचते, मध्ये आडवी शीर कुठे येते. रंग सगळ्यात शेवटी. सेलिफिडीची ढाल एका कोनातून निळी दिसते, दुसऱ्या कोनातून जांभळी. ही चमक पृष्ठभागावरून परतणाऱ्या प्रकाशाची, त्यामुळे अल्कोहोलमध्ये आणि वाळल्यावर तीच माशी वेगळी भासते. फोटोतल्या रंगावरून प्रजाती सांगणाऱ्यांवर म्हणूनच पटकन विश्वास ठेवू नये.

हे सगळं करून आपण वंशापर्यंत पोचतो. प्रजातीचा निकाल बहुतेक वेळा नराच्या पोटाच्या शेवटच्या टोकात दडलेला असतो. मिलनाचे हे अवयव प्रत्येक प्रजातीत वेगळ्या घडणीचे असतात. टोक कापून पोटॅशियम हायड्रॉक्साइडच्या दहा टक्के द्रावणात ठेवलं की मऊ भाग विरघळतो आणि कडक सांगाडा स्वच्छ दिसू लागतो. मग ग्लिसरीनच्या थेंबात तो सुईनं फिरवायचा, चारी बाजूंनी चित्र काढायचं. काम झाल्यावर तो तुकडा ग्लिसरीनच्या इवल्या कुपीत घालून त्याच माशीच्या टाचणीला लावायचा. वेगळा ठेवला की कुणाचा कुठला ते कळत नाही. हातात फक्त मादी असेल तर अनेक गटांत प्रजातीचं नाव देताच येत नाही. अशा वेळी वंशाचं नाव लिहून थांबणं ही कमीपणाची गोष्ट नव्हे; उगाच नाव ठोकून देणं ही आहे.

पण जुळवायचं कशाशी? ब्रिटिश काळात भारतातल्या प्राण्यांवर 'फॉना ऑफ ब्रिटिश इंडिया' ही ग्रंथमाला निघाली. तिच्यातले माश्यांवरचे पहिले तीन खंड १९१२, १९२० आणि १९२३ साली एन्रिको ब्रुनेट्टी यांनी लिहिले. हे गृहस्थ पेशानं संगीतकार. कलकत्त्यात राहून वाद्यं आणि माश्या दोन्ही सांभाळायचे. पुढचे खंड डासांवर आणि निळ्या-हिरव्या मांसमाश्यांवर आले. सेलिफिडीची पाळी त्या मालेत आलीच नाही. त्यामुळे या कुळासाठी जोॲन टेनोरिओ यांनी १९७२ साली केलेल्या आशियाई प्रजातींच्या फेरतपासणीकडे जावं लागतं. हिच्यासारख्या कितीतरी कुळांची भारतापुरती एकत्र पुस्तकं नाहीत. नोंदी क्वचित का, याचं अर्धं उत्तर इथे आहे: ओळखण्याचं साधनच हाताशी नसेल तर माशी दिसूनही 'अज्ञात' म्हणून कुपीत पडून राहते.

डीएनएचा उपयोग होतोच. माशीच्या एका पायातून ठरावीक जनुकाचा साधारण साडेसहाशे अक्षरांचा तुकडा वाचला की तो जगभरच्या साठ्याशी ताडून बघता येतो. अडचण एवढीच, की त्या साठ्यात आपल्या माशीच्या भाऊबंदांचे तुकडे आधी कोणी जमा केलेले असायला हवेत. नसतील तर यंत्र 'जवळचं असं काही सापडलं नाही' म्हणून हात वर करतं आणि आपण पुन्हा सूक्ष्मदर्शकाकडे.

'जिल्ह्यातली पहिली' म्हणजे काय?

साताऱ्याचा नकाशा बघा. पश्चिमेला महाबळेश्वरात वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस आणि पूर्वेला माण तालुक्यात कसाबसा पाचशे. सांगलीतही शिराळा चिंब, जत कोरडं. ओल्या गवतातल्या माशीच्या दृष्टीनं शिराळा आणि पाटण एकच मुलूख, शिराळा आणि जत मात्र दोन वेगळी जगं. जिल्ह्याची हद्द तिला माहीत नाही. पश्चिम घाटात दक्षिणेकडे एखादी प्रजाती नोंदलेली असेल आणि मधला पट्टा कोणी चाळलेलाच नसेल, तर ती इथे 'नवी' ठरते ती आपल्या कागदावर. माशी कदाचित हजारो वर्षं इथलीच असेल.

जुन्या चिठ्ठ्यांचाही एक इरसाल घोळ आहे. १९४९ मध्ये जुन्या सातारा जिल्ह्यातून दक्षिण सातारा वेगळा झाला आणि १९६० मध्ये त्याचं नाव सांगली झालं. म्हणजे त्याआधीच्या एखाद्या नमुन्यावर नुसतं 'सातारा' लिहिलेलं असेल, तर तो आजच्या शिराळ्याचा, वाळव्याचा, तासगावचा किंवा खानापूरचाही असू शकतो. अशी चिठ्ठी लंडनच्या किंवा कोलकात्याच्या पेटीत निघाली, तर आपली 'सांगलीतली पहिली नोंद' एका फटक्यात दुसरी होते. म्हणून दावा करण्याआधी संग्रह आणि जुनं साहित्य चाळणं हे जाळी फिरवण्याइतकंच कामाचं. भारतीय प्राणी सर्वेक्षण ही संस्था १९१६ पासून काम करते आणि तिचं पश्चिम विभागाचं केंद्र पुण्यात आकुर्डीला आहे. मुंबईत १८८३ पासूनची बीएनएचएस, म्हणजे बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी आहे. दोन्ही ठिकाणं एका दिवसाच्या एसटीच्या टप्प्यात.

माशी खरोखर नव्यानं आली असेल, हीही शक्यता असतेच. रोपवाटिकेच्या कुंड्यांतून, फळांच्या पेट्यांतून माश्या खंड ओलांडतात. डागपंखी ड्रॉसोफिला ही मूळची आशियातली. २००८ मध्ये ती कॅलिफोर्नियात आणि युरोपात एकाच वर्षी हाती लागली आणि चेरी-स्ट्रॉबेरीवाल्यांची झोप उडाली.

पण आपल्याकडच्या शेतकऱ्याला जवळची वाटेल अशी कथा फळमाशीची आहे. आंब्या-पेरूच्या बागांत नरांना वासानं ओढणाऱ्या मिथाईल युजेनॉलचे सापळे टांगतात, त्यात जे नर ढिगानं मरून पडतात, त्यांतली एक मुख्य प्रजाती म्हणजे बॅक्ट्रोसेरा डॉर्सालिस. हेन्डेल यांनी १९१२ मध्ये तैवानच्या नमुन्यांवरून तिचं वर्णन केलं होतं. २००३ मध्ये केनियात एक फळमाशी मिळाली. तिथे अशी पूर्वी नव्हती. छातीचा रंग कुठे तांबूस, कुठे काळा. तज्ज्ञांनी ती तपासली आणि २००५ मध्ये नवी प्रजाती म्हणून तिचं बॅक्ट्रोसेरा इन्व्हेडेन्स असं नाव ठेवलं. पुढची दहा वर्षं आफ्रिकेच्या फळांच्या निर्यातीवर या नावाचं सावट होतं. दरम्यान वेगवेगळ्या देशांतल्या संशोधकांनी दोन्ही माश्यांची घडण मोजली, डीएनए ताडला, त्यांचा एकमेकींशी संकर होतो का तेही पाहिलं. फरक टिकला नाही. २०१५ मध्ये इन्व्हेडेन्स हे नाव रद्द होऊन ती डॉर्सालिसच ठरली.

यात कोणी फसवलं नव्हतं. नव्या मुलखात सापडलेली ओळखीची माशी रंगानं जराशी वेगळी दिसली, एवढंच. माणसं हे सगळं फेरतपासू शकली, कारण २००५ च्या वर्णनात काय पाहिलं ते शब्दांत लिहिलेलं होतं आणि नमुने संग्रहात जपलेले होते.

फोटो पुरतो का?

हा वाद अलीकडचा आहे आणि माशीवरूनच पेटला. २०१५ मध्ये मार्शल आणि एव्हनहुइस या दोन माशीतज्ज्ञांनी दक्षिण आफ्रिकेतल्या एका माशीचं नवी प्रजाती म्हणून वर्णन केलं, ते निव्वळ फोटोंवरून. सुतारी भुंग्याची हुबेहूब नक्कल करणारी ती माशी, मार्लेइमिया झायलोकोपी. नमुना संग्रहात नाही. नावं देण्याच्या नियमांच्या फटीतून ते बसत होतं. त्यावर शेकडो वर्गीकरणतज्ज्ञांनी सह्या करून विरोध नोंदवला. माझं मत त्यांच्या बाजूचं आहे. फोटोत जी बाजू आली नाही ती कधीच येणार नाही; कुशीवरचा केस मोजायची गरज दहा वर्षांनी पडली तर फोटो उलटा करून बघता येत नाही. पण 'इथे अशी माशी दिसली' असं कळवायला फोटो उत्तम. फक्त तीन तरी घ्यावेत: वरून, बाजूनं आणि समोरून चेहऱ्याचा. पंख उघडलेला मिळाला तर नशीब. ठिकाणासह आय-नॅचरलिस्ट या निसर्गनोंदींच्या संकेतस्थळावर टाकला तर जाणकार तिथून शोधत येतात.

वर्णन लिहिताना

आधीच माहीत असलेली प्रजाती नव्या ठिकाणी मिळाली, तरी तिचं पुन्हा वर्णन करणं उपयोगी ठरतं. जुनी वर्णनं कधी कधी दोन-चार ओळींची असतात: निळी, चकाकती, पाय पिवळे. तेवढ्यात दहा प्रजाती बसतील. नवं वर्णन लिहिताना माप देतात, पण एकाच माशीचं नव्हे, जेवढ्या मिळाल्या त्यांचं कमाल-किमान. नर-मादीतला फरक वेगळा लिहितात. आणि सगळ्यात महत्त्वाचा परिच्छेद असतो तो जवळच्या प्रजातींशी तुलनेचा: अमक्यापासून ही वेगळी कशी, आणि कुठल्या खुणेवर. वाचणाऱ्याला आपल्याशी असहमत होता आलं पाहिजे, इतकं ते नेमकं हवं. 'सुंदर', 'आकर्षक' असली विशेषणं बातमीला ठेवावीत.

खरोखर नवी प्रजाती निघाली तर नियम कडक होतात. प्राण्यांची नावं लिनियसच्या १७५८ च्या ग्रंथापासून मोजली जातात, घरमाशीचं मस्का डोमेस्टिका हे नाव त्यातलंच. आज नवं नाव देताना एक नमुना होलोटाइप म्हणून ठरवावा लागतो, म्हणजे पुढे कधी वाद झाला तर ते नाव ज्या एका माशीला बांधलेलं आहे ती. २००० सालापासून तो स्पष्टपणे नेमावा लागतो आणि कुठल्या संग्रहात आहे किंवा ठेवला जाणार आहे तेही सांगावं लागतं. भारतात २००२ च्या जैवविविधता कायद्यानं नव्या प्रजातीचे नमुने सरकारनं नेमलेल्या संग्रहालयातच जमा करायचे असतात. घरच्या कपाटात ठेवून चालत नाही. आपल्याकडच्या पावसाळ्यात तर नाहीच. श्रावण संपेपर्यंत बुरशी धरते आणि उरलेलं बारीक किडे फस्त करतात.

भाषेचं बंधन मात्र नाही, हे फार थोड्यांना माहीत असतं. नाव रोमन लिपीत लागतं आणि वेगळेपणा शब्दांत सांगावा लागतो. ते शब्द जगात सर्वत्र वाचल्या जाणाऱ्या भाषेत असावेत अशी शिफारस आहे, सक्ती नाही. त्यामुळे शिराळ्याच्या ओढ्यावरची एखादी माशी खरोखर नवी निघाली, तर तिचं वर्णन मराठीत छापलं तरी नियमात बसतं. सोबत इंग्रजीत अर्धं पान तुलना दिली, म्हणजे बाहेरच्या अभ्यासकांची सोय होईल.